बोलका टॅब घ्या, पण घरात त्यावर आधी कोण बोलणार ते ठरवा

देवगडजवळच्या एका वाडीतून एका आईने विचारलं आहे: मुलगा साडेपाच वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालंय. शब्द येत नाहीत. हवं ते दाखवायला हात धरून ओढत नेतो, कळलं नाही तर जमिनीवर डोकं आपटतो. फोनवर यूट्यूब मात्र स्वतः लावून दिवसाला तीन-चार तास बघतो. मुंबईच्या डॉक्टरांनी टॅबवर बोलणारं अ‍ॅप, म्हणजे चित्रावर बोट ठेवलं की तो शब्द मोठ्याने म्हणणारं, सुरू करा असं सांगितलंय. दीर चतुर्थीला येताना टॅब आणायला तयार आहेत. सासूबाई म्हणतात, यंत्र बोलायला लागलं तर पोर कायमचं मुकं राहील. तर कुठला टॅब घ्यावा, कुठलं अ‍ॅप आणि रोज किती वेळ द्यावा?

ताई, मी वीसहून जास्त वर्षं वाचा-उपचार करते, त्यातली बरीचशी रत्नागिरी-सिंधुदुर्गात. तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टींची उत्तरं सोपी आहेत, ती पुढे देते. खरा प्रश्न सासूबाईंच्या नावावर टाकून तुम्ही मध्येच सांगून गेलात. टॅब हातात दिला म्हणजे मुलाच्या बोलण्याची आशा सोडली का? ही शंका बहुतेक तुमच्याही मनात आहे, आणि असणारच. आधी तिचं बघू, कारण घरातली मोठी बाई पटली नाही तर टॅब पंधरा दिवसांत फडताळावर जाऊन बसतो.

तोंडाने एक शब्द काढायला श्वास, कंठ, टाळू, जीभ, ओठ या सगळ्यांची वेळ जुळावी लागते. शिवाय समोरच्याला काही सांगावं ही गरज आधी मनात उठावी लागते. तुमच्या मुलाला सांगायचं खूप आहे, नाहीतर तो हात धरून ओढत कशाला नेईल? त्याच्याकडे वाट नाही, म्हणून डोकं आपटणं ही वाट झाली. चित्रावर बोट ठेवलं की काम होतं हे एकदा कळलं की सांगण्याची हौस वाढते, आणि शब्द आलेच तर त्या हौसेवर येतात. अशी साधनं दिल्यावर तोंडी बोलण्याचं काय होतं, याच्या अभ्यासांचा आढावा २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी घेतला. ज्यांच्या नोंदी चोख होत्या अशा २७ जणांपैकी ८९ टक्क्यांचं तोंडी बोलणं वाढलं, उरलेल्यांचं होतं तेवढंच राहिलं, कमी एकाचंही झालं नाही. वाढ बहुतेकांची थोडीच होती, हेही सांगायला हवं. २०१४ मध्ये अमेरिकेत कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी अगदी मोजकं बोलणारी, ऑटिझम असलेली ५ ते ८ वर्षांची ६१ मुलं घेतली. सगळ्यांना खेळातून संवादाचे उपचार होते, पण काहींच्या उपचारात पहिल्या दिवसापासून बोलकं यंत्रही होतं. स्वतःहून बोलणं त्या मुलांचं जास्त वाढलं. तुमचा मुलगा नेमका त्याच वयाचा आहे.

आता दुसरी बाजू. त्या अभ्यासात मुलांना नुसतं यंत्र दिलेलं नव्हतं, शिकलेली माणसं त्यांच्याबरोबर तासन् तास खेळत होती. टॅब विकणारे हे सांगत नाहीत.

मी स्वतः इथेच चुकले होते. पहिला टॅब मी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतला तेव्हा मोठ्या कौतुकाने त्यात साठ चित्रं भरली, आणि काच फुटेल म्हणून तो दवाखान्याच्या कपाटात कुलपात ठेवला. आठवड्यातून दोनदा पाऊण तास बाहेर काढायचे. वेंगुर्ल्याकडचा एक मुलगा तीन महिन्यांत माझ्यासमोर छान चित्रं दाबायला लागला. घरी फरक शून्य. त्याच्या दृष्टीने बोलणं ही त्या खोलीत, त्या बाईंसमोर करायची गोष्ट होती, जसं न्हाव्याकडे गेल्यावर मान खाली घालायची. दुसरी चूक याहून वाईट. तो सारखं ‘नको’ दाबतो म्हणून मी ते चित्रच काढून टाकलं. पुढच्याच भेटीत तो मला चावला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

तेव्हापासून मी पालकांना पहिला प्रश्न विचारते तो टॅबच्या किमतीचा नसतो. घरात यावर कोण बोलणार, हा असतो. मूल मराठी ऐकत ऐकत वर्ष-सव्वा वर्षाने पहिला शब्द बोलतं. चित्रांची भाषा त्याने मात्र कुणाला बोलताना बघितलेलीच नसते आणि आपण दुसऱ्या दिवशी म्हणतो, ‘दाखव बघू पाणी कुठे आहे?’ ही झाली परीक्षा. परीक्षेला आपण मोठी माणसंसुद्धा टाळतो.

करायचं ते असं. तुम्ही बोलताना तुमचं बोट टॅबवर फिरायला हवं. भाताची पेज वाढताना तोंडाने ‘आणखी देऊ?’ म्हणायचं आणि ‘आणखी’वर बोट ठेवायचं. गेट लावताना ‘बंद’. कुत्रा अंगावर आला, ‘जा’. पूर्ण वाक्य दाबत बसायचं नाही, एखादा मुख्य शब्द पुरे. मुलाने बघितलं नाही तरी चालेल, त्याने दाबलंच पाहिजे असं नाही. दिवसाला दहा-बारा वेळा, जेवण, आंघोळ, अंगणातला झोपाळा अशा ठरलेल्या जागी. कंटाळवाणं आहे, सहा आठवडे काहीच घडत नाही असं वाटतं. माझ्याकडच्या एका मुलीने पहिलं चित्र स्वतःहून दाबलं ते चौथ्या महिन्यात. तोवर तिच्या आईने ‘थांब’ हा शब्द इतक्या वेळा दाबला होता की पोरीनेही तोच पहिला दाबला, आईचा फोन सुरू असताना.

शब्द कुठले? नवे पालक फळं, प्राणी, रंग भरतात, कारण अ‍ॅपमध्ये ती चित्रं सुंदर असतात. साडेपाच वर्षांच्या मुलाला ‘जिराफ’ हा शब्द वर्षातून किती वेळा लागतो? कुठल्याही प्रसंगी चालणारे शब्द आधी घ्या: दे, नको, आणखी, संपलं, चल, थांब, उघड, माझं, मदत, दुखतंय. यांच्या जागा पडद्यावर पक्क्या करा आणि पुन्हा हलवू नका. आपलं बोट अंधारात दिव्याच्या बटणावर जातं तसंच मुलाचं बोट जागेच्या सवयीने जातं. आज ‘दे’ डावीकडे वरच्या कोपऱ्यात आणि उद्या मध्ये असेल तर त्याने रोज नवं घर शोधायचं का? मग त्याच्या आवडीचे आठ-दहा शब्द घाला. हे घालताना अ‍ॅपवर विसंबू नका, तिथे पिझ्झा सापडेल, पेज सापडणार नाही. तुमच्या पडवीचा, गोठ्यातल्या गाईचा, बांगड्याच्या ताटाचा फोटो स्वतः काढा. माणसं आणि वस्तू फोटोत चांगल्या कळतात. ‘दे’, ‘थांब’ यांना साधी रेघांची चित्रं बरी, कारण ‘थांब’चा फोटो काढणार कसा?

आवाजाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण पुण्या-मुंबईचे सल्ले इथे कमी पडतात. यंत्राचा तयार आवाज ‘मला पाणी हवे आहे’ असं बातम्या दिल्यासारखं म्हणतो. तुमच्या घरात कोण असं बोलतं? घरात ‘माका पाणी व्हया’ असेल तर टॅबनेही तेच म्हणावं. मालवणीने मुलाचं नुकसान होईल, शाळेची भाषाच शिकवा, असा आग्रह मीही एकेकाळी धरायचे. आता धरत नाही. ज्या भाषेत आजी हाक मारते तीच त्याने दिवसभर ऐकलेली असते, आणि अर्थ तिलाच चिकटलेला असतो. शाळेची मराठी नंतर वेगळ्या पानावर घालता येते. बहुतेक अ‍ॅपमध्ये स्वतःच्या आवाजात शब्द भरायची सोय असते. एका घरात आम्ही ‘आंबो’ आणि ‘व्हया’ आजीच्या आवाजात भरले. टॅबला सगळ्यात जास्त विरोध तिचाच होता. नातू तिच्याच आवाजात मागतोय म्हटल्यावर ती रोज सकाळी टॅब चार्जिंगला लावायला लागली. तुमच्या सासूबाईंना हे काम देऊन बघा. मुलाचा आवाज म्हणून शक्यतो मुलग्याच्याच वयाचा चुलतभाऊ वगैरे घ्यावा असंही काही जण सांगतात. शक्य असेल तर छानच, मी अडून बसत नाही.

आता यूट्यूब. तुमच्या मुलाच्या लेखी काच म्हणजे गाणी. दिरांनी आणलेल्या टॅबवर गाणी एकदा लागली की तो टॅब बोलायचा राहणार नाही, हे गृहीत धरा. म्हणून बोलका टॅब वेगळा, त्यावर दुसरं काही टाकायचं नाही, आणि करमणूक आहे त्या फोनवर. दोन उपकरणं परवडत नसतील तर अ‍ॅप बंद करता येणार नाही अशी सोय वापरा. आयपॅडवर तिला गाइडेड अ‍ॅक्सेस म्हणतात, अँड्रॉइडवर अ‍ॅप पिन करता येतं. पिन काढताना पासवर्ड मागेल असं सेटिंग आठवणीने करा. नाहीतर दोन बटणं एकदम दाबून बाहेर कसं पडायचं हे तो तुमच्याआधी शोधेल. ज्या मुलांना काही कळत नाही म्हणून माझ्याकडे आणलं जातं, त्यांनी हे मला शिकवलंय.

‘रोज किती वेळ’चं उत्तरही यातच आहे. करमणुकीच्या पडद्याला मर्यादा हवीच. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या सूचनांत २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय, आणि तुमचा मुलगा त्या वयाच्या जेमतेम पुढे आहे. चार तासांवरून एकदम एकावर आणाल तर घर डोक्यावर घेईल, दर आठवड्याला अर्धा तास कमी करा. बोलक्या टॅबला मात्र वेळेची मर्यादा नाही, तो सकाळपासून रात्रीपर्यंत हाताशी हवा. शिक्षा म्हणून तो काढून घ्यायचा नाही. मुलगा ओरडला म्हणून कुणी त्याचं तोंड बांधून ठेवत नाही. सुरुवातीला तो एकच चित्र पन्नास वेळा दाबेल. लहान बाळ ‘बाबाबाबा’ करतं तसं ते आहे, करू द्या. आणि ‘चॉकलेट’ पन्नास वेळा दाबलं तर पन्नास चॉकलेटं द्यायची नाहीत. ‘हो, तुला चॉकलेट हवंय, संपलं’ असं म्हणायचं आणि ‘संपलं’ दाबून दाखवायचं.

एवढं सांगितलं, तरी तुमचा मुलगा मी बघितलेला नाही. काही गोष्टी त्याच्यावरच अवलंबून आहेत. पहिली, कान. हाकेला बघत नाही ते ऑटिझममुळेच, असं धरून चालू नका. बेरा ही ऐकण्याची चाचणी झाली नसेल तर टॅबआधी ती करा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. लहान मुलांच्या अशा तपासण्यांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सोय आहे. दुसरी, डोळे. चित्राच्या अगदी जवळ जातो का, तिरकं बघतो का? तसं असेल तर चित्रं कमी, मोठी आणि काळ्या पार्श्वभूमीवर. तिसरी, बोट. हात धरून ओढतो, यूट्यूब चालवतो म्हणजे बोट बहुधा ठीक आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेल्या मुलांचा तळवा काचेवर टेकतो आणि भलतंच चित्र लागतं. त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये स्पर्श किती वेळ टिकला तर धरायचा हे वाढवता येतं, आणि चित्रांच्या जागी भोकं पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी वर बसवता येते. बाहेरून मागवली तर ती महाग पडते. आम्ही गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्याकडून कापून घेतो. पहिली भोकं वाकडी आली होती, दुसऱ्या खेपेला त्याने पैसेच घेतले नाहीत.

टॅब कुठला, तर दहा-पंधरा हजारांचा साधा अँड्रॉइड, दहा इंचाच्या आसपासचा, आवाज मोठा येणारा. आयपॅड उत्तम आहे, काही चांगली अ‍ॅपं त्यावरच चालतात, पण किंमत दुप्पट-तिप्पट आणि इथे बिघडला तर दुरुस्तीला बाहेर पाठवावा लागतो. दिरांना खर्चच करायचा असेल तर जाड रबरी कव्हर, खांद्यावर अडकवायचा पट्टा आणि एक पॉवर बँक यावर करू दे. अ‍ॅप म्हणाल तर आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं जेलो फुकट आहे, मराठीत आहे, आणि त्यातली चित्रं आपल्या घरांसारखी आहेत. तिथून सुरू करा. चेन्नईत तयार झालेलं आवाज हे अ‍ॅप अधिक विस्तृत आहे, पण त्याला पैसे पडतात. ते घ्यायचं की नाही हे सहा महिन्यांनी ठरवा. काहीही घेतलंत तरी इंटरनेट बंद करून एकदा चालवून बघा. आवाजाची फाइल आधी उतरवून ठेवली नसेल तर रेंज गेली की टॅब मुका होतो, आणि आपल्याकडे रेंज कधी जाते ते मी तुम्हाला सांगायला नको.

पावसाळ्याचंही बघा. काचेवर विजेचं अगदी सूक्ष्म क्षेत्र असतं, बोट टेकलं की ते बदलतं आणि स्पर्श कळतो. पाण्याचा थेंबही तेच करतो. म्हणून ओल्या किंवा घामट हाताने भलतीच चित्रं लागतात, आणि मूल चिडतं ते स्वतःवर. पट्ट्याला एक सुती फडका बांधून ठेवा. खाऱ्या हवेने चार्जिंगचं तोंड गंजतं, त्याला रबरी बूच मिळतं, ते लावा.

आणि कागद. याच आठवड्यात, टॅब यायच्या आधी, वर सांगितलेले दहा शब्द त्याच क्रमाने एका ए-फोर कागदावर छापून लॅमिनेट करून घ्या. दोन प्रती स्वयंपाकघरात, एक झोपाळ्याशी, एक तुमच्या पर्समध्ये. कागदावर जमलं तरच टॅब, अशी अट त्यात नाही. ती अट घालणं चूक आहे, आणि काही मुलांना आवाज ऐकल्याशिवाय चित्राचा उपयोगच कळत नाही. कागद हवा तो तुमच्या बोटाला सवय लागावी म्हणून, आणि वीज जाते म्हणून. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडच्या कित्येक घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. ज्या मुलांकडे कागद होते त्यांचं बोलणं सुरू राहिलं. बाकीची पुन्हा हात ओढण्यावर आली.

एका गोष्टीपासून लांब राहा. मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून अक्षरं दाबून घ्यायची, आणि मग तो मोठमोठी वाक्यं ‘लिहितो’, असे व्हिडिओ तुमच्यापर्यंत येतील. या पद्धतीच्या चाचण्या झाल्या आहेत. हात धरणाऱ्याला प्रश्न माहीत नसेल तर मुलाचं उत्तर चुकतं, म्हणजे शब्द त्या मोठ्या माणसाचे असतात. तुम्ही दाखवा, थांबा, मनात दहा आकडे मोजा. फार तर बोटाने चित्राच्या दिशेला खूण करा. दाबायचं ते त्याने.

पुढच्या वर्षी शाळेत ‘इथे मोबाइल-टॅब चालत नाही’ असं ऐकावं लागेल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येतच अशी पर्यायी साधनं धरलेली आहेत, हे शांतपणे सांगा आणि अर्जावर लिहून द्या. मुख्याध्यापक वाईट नसतात, बहुतेक वेळा त्यांनी असा टॅब बघितलेलाच नसतो. एक तास वर्गात बसून दाखवा. पैशांसाठी आधी मुलाचं दिव्यांगत्वाचं कार्ड काढा, मग ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठीच्या पाच टक्के निधीचं विचारा. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत ऑटिझम बसतो आणि वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यातून टॅब मिळत नाही, पण उपचाराच्या खर्चाचा काही भार हलका होतो.

चतुर्थीचं मुद्दाम सांगते. चाकरमानी येतील, घर भरेल, आणि प्रत्येक जण मुलासमोर टॅब धरून ‘बोल, बोल’ करेल. त्यांना आधीच सांगून ठेवा की त्यांनी स्वतः दाबून बोलायचं आहे, त्याला विचारायचं नाही. एक पान सणाचं करा: आरती, मोदक, बाहेर, कानाला त्रास होतो, मोरया. ‘बाहेर’ मोठं ठेवा, त्याची गरज ‘मोदक’पेक्षा जास्त पडेल. आणि सासूबाईंच्या आवाजात जे काय भरायचंय ते गणपती यायच्या आधी, दुपारी सामसूम असताना भरून घ्या. आम्ही एकदा आयत्या वेळी भरायला बसलो, तर शेजारच्या घरातलं भजन सगळ्या शब्दांमागे बसलं, आणि त्या पोराचं ‘पाणी’ वर्षभर टाळांच्या गजरात येत होतं.